मच्छिंद्राला सोडू नका

कर्वेनगर, गुरुवार
(म्हशी नदीवर सोडल्यावर)

तीर्थस्वरूप दादास,

धाकटा भाऊ संपत याचा साष्टांग नमस्कार. (गोठ्यात आडवं पडायला कोरडी जागा नाही, म्हणून बसल्या जागी घातलाय, पण तू साष्टांगच धर.) इकडं सगळे खुशाल आहेत. तिकडची खुशाली कळव असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू कळवणार नाहीस हे मला माहीत आहे आणि त्याचा राग नाही. मी पण एकदा एसटीडी बूथवरनं तुझ्या होस्टेलला फोन लावला होता, पण पलीकडनं कुणीतरी हॅलो म्हणल्यावर मला पुढचं काही सुचेना आणि मी ठेवून दिला. म्हणून हे पत्र. दत्तोबाचा टेंपो पेंड आणायला वाघोलीला येतो, त्याच्या हाती देतोय. दत्तोबाला वाचता येत नाही, त्यामुळं मोकळेपणानं लिहितो.

आबांचा गुडघा दुखतो. ते कुणाला सांगत नाहीत, पण उठताना म्हशीला शिव्या देतात त्यावरनं कळतं. चांदी व्याली, रेडा झाला, आबा दिवसभर चांदीशी बोलले नाहीत. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. डाव्याला नुसता उजेड कळतो, उजव्याला माणूस आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लगेच करा, पिकून फुटला तर डोळा हातचा जाईल. आबांनी या महिन्यात दोनदा नंबर लावला आणि दोन्ही वेळेला ती ऐन सकाळी नाही म्हणाली. का, तर म्हणे भाकरी थापायला डोळं कशाला लागत्यात. आबा चिडले, मी गप्प बसलो, म्हणजे घरात रोजचं चालतं तसंच चाललं. आता शेवटचा नंबर पुढच्या मंगळवारचा आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या कानावर बाहेरनं येण्यापेक्षा मीच सांगतो. गेला महिनाभर मी तू झालोय.

झालं असं. आपल्या गोठ्यामागचं कॉलेजचं ग्राउंड तुला माहीत आहे. त्याच्या कंपाउंडच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं आई गोवऱ्या लावते, तेही तुला माहीत आहे. कॉलेजनं मध्ये तिथं पाटी लावली, की येथे गोवऱ्या थापू नयेत, थापल्यास त्या कॉलेजच्या समजल्या जातील. आईला पाटी दिसत नाही, त्यामुळं तिनं पाटीवर पण दोन थापल्या. तर एका सकाळी मी दुधाच्या किटल्या घेऊन तिथनं चाललो होतो आणि भिंतीवरनं बॉल आला. दोन्ही हातांत किटल्या होत्या, उचलणार कसा, म्हणून डाव्या पायानं परत टोलवला. (दूध सांडलं नाही.) मग भिंतीवरनं पांढरी टोपी वर आली, टोपीखाली चष्मा आला, आणि चष्म्यानं मला विचारलं की हे आत्ता चुकून झालं का पुन्हा करता येतं.

ते दीनानाथ खांबेटे सर. कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच. राहतात सदाशिव पेठेत, येतात लुनावर, आणि यंदा रिटायर होणार आहेत. गेल्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत (हा शब्द मी बोर्डावरनं उतरवून घेतलाय) तुमच्या वाघोलीच्या कॉलेजनं यांना धुतलं होतं आणि त्यातले चार गोल तुझे होते, हे तुला आठवत असेल. सरांना तर जेवताना पण आठवतं. यंदा पुन्हा तुमच्याशीच गाठ आहे, रविवारी, इथंच, आपल्या गोठ्यामागं. सरांचं म्हणणं असं की फळ्यावर खडूचा मच्छिंद्र काढून पोरांना तो अडवता येतो, पण खडूचा मच्छिंद्र पळत नाही. पळणारा पाहिजे. आणि नेमका माझा डावा पाय त्यांनी भिंतीवरनं बघितला. म्हणाले, अगदी त्या वाघोलीच्या मच्छिंद्रासारखा.

दादा, आता तू म्हणशील तेव्हाच सांगायचं की मी त्याचा भाऊ. मी सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. पण अनोळखी माणसापुढं माझं काय होतं ते तुला माहीत आहे. आणि सर म्हणाले, "नाव सांगू नकोस, मला ते विसरण्याचे कष्ट पडतील. आजपासून तू मच्छिंद्र."

खरं सांगू का, मला ते ऐकून बरं वाटलं. तू बेंदराच्या दिवशी बैल धुवायचे सोडून टीमच्या निवडीला गेलास, आबा म्हणाले चेंडूच्या मागं चाललायस तर चेंडूच्याच घरी ऱ्हा, आणि तू खरंच गेलास. त्याला दोन बेंदूर झाले. पण तू गेल्यावर आणखी एक कायदा लागू झाला तो तुला माहीत नसेल. घरात तुझं नाव घ्यायचं नाही. आबा स्वतः तो इतका पाळतात की आपल्या आळीतल्या मच्छिंद्र न्हाव्याकडं दाढी करायचं त्यांनी सोडलं. दुखऱ्या गुडघ्यानं पार कोथरूडला जातात दाढीला. (मच्छिंद्र न्हावी मला दर वेळी विचारतो माझा वस्तरा लागला होता का रं. मी काय सांगणार.) तर एवढ्या दिवसांनी ते नाव कुणीतरी मोठ्यांदा घेतलं, आणि ते पण माझ्याकडं बघून. मी किटल्या खाली ठेवल्या आणि हं म्हणलं.

सर म्हणाले, बोलता येत नाही वाटतं, उत्तम, बोलणारे अकरा माझ्याकडे आहेतच.

त्या दिवसापासनं धारा काढून झाल्या की मी ग्राउंडवर तू व्हायला जातो. सरांचा नियम कडक आहे. सगळ्यांनी मला मच्छिंद्रच म्हणायचं, खेळताना पण आणि कँटीनमध्ये पण. टीमबरोबर बसून चहा प्यायला मला बंदी, कारण शत्रूशी जवळीक वाढली की पोरं हळुवार मारतात. (बिस्कीट मिळतं. बिस्किटानं जवळीक वाढत नाही असं सरांचं मत आहे.) खुणेला ठेवायचे शंकू कॉलेज देत नाही, म्हणून सरांनी पाटीवरच्या नियमाप्रमाणं आईच्या गोवऱ्या काढून ग्राउंडवर ओळीनं मांडल्यात आणि पोरं त्यांच्यामधनं बॉल नेतात. आईला गोवऱ्या कमी होतात एवढं कळलंय, पण ती म्हणते कुणाची तरी चूल पेटत आसंल.

मला अडवायला श्यामसुंदर नावाचा पोरगा दिलाय. हा शिवाजीनगरनं सायकलवर येतो, दाराएवढा रुंद आहे आणि फार सभ्य आहे. माझ्या नडगीवर लाथ बसली की दर वेळी म्हणतो, सॉरी हं मच्छिंद्र. माझ्या दोन्ही नडग्या निळ्या झाल्यात. आबांनी विचारलं तर मी चांदीनं मारलं म्हणून सांगितलं, तर आबा चांदीशी आणखी चार दिवस बोलले नाहीत.

तुझी ती डावीकडं खांदा पाडून उजवीकडं निसटायची झुकांडी आहे ना, तिच्यावर सरांनी एक अख्खा तास भाषण दिलं. ती दक्षिण अमेरिकेतनं आलीय म्हणाले. मला चांदीच्या आईची शेपटी आठवली. धार काढताना ती फटका मारायची आणि आपण दोघं एका वेळी खांदा पाडायचो, तू डाव्या बाजूला, मी उजव्या. तिथं बसून एकटाच हसलो आणि मग हसू आवरेना, आणि मग वेगळंच काहीतरी व्हायला लागलं, म्हणून बुटाची नाडी बांधत बसलो.

आता खरं घडलं ते ऐक. तुला एकट्यानं अडवता येत नाही हे कळल्यावर सरांनी डाव टाकला. माझ्याकडं बॉल आला की तिघांनी घेरायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं, मच्छिंद्राला धरा, मच्छिंद्राला सोडू नका. पहिल्या दिवशी सगळे असे काही ओरडले की झाडावरचे पक्षी उडाले. आणि भिंतीच्या पलीकडं आई गोवऱ्या लावत होती.

ती फाटकातनं आत आली तेव्हा मला आधी दिसलीच नाही. श्यामसुंदर माझ्यावर पडला होता. मग सगळे थांबले. आई दोन्ही हात पुढं धरून अख्खं ग्राउंड ओलांडून येत होती, हाताला कोपरापर्यंत शेण, आणि मधल्या गोवऱ्यांना अडखळत होती. तिच्याच गोवऱ्या. सरांनी शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली नाही. ती नीट आमच्या घोळक्यात आली, एकेकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं, श्यामसुंदरला बाजूला सारलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आलास व्हय रं, मच्छिंद्रा."

दादा, मी काय करायला पाहिजे होतं? तू असतास तर काहीतरी बोलला असतास. सगळी टीम बघत होती. माझ्या अंगात तुझ्या नंबरचा बनियन होता. मी हं म्हणलं.

कुणी हसलं नाही. श्यामसुंदरनं रुमाल काढला, पण तो कुणाला द्यायचा हे त्याला कळेना, मग त्यानं स्वतःचंच नाक पुसलं. सर जवळ आले आणि हळू म्हणाले, "बाई, पाच मिनिटं घ्या. मग तो आम्हाला परत द्या, मॅच जवळ आलीय." सर तिरकस नसताना कसे बोलतात ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासनं रोज प्रॅक्टिस सुटली की ती फाटकाजवळच्या सुबाभळीखाली डबा घेऊन उभी. कुठल्या कॉलेजचा कोण हे तिला काय कळणार, तिला एवढंच की पोरगा इथं येतो. मी तू होऊन तिच्याशेजारी बसून खातो. मग घरी जाऊन संपत होऊन परत जेवतो, नाहीतर तिला शंका यायची. सर परवा म्हणाले, मच्छिंद्र जाडा व्हायला लागलाय, खरा पण होईल तर बरं.

बोलणं अवघड जातं. तुझा आवाज काढायचा मी गोठ्यात सराव केला, चांदीनं कान टवकारले, म्हणजे थोडा जमला असणार, पण आईपुढं तो निघत नाही. मग ती विचारते ते मी नुसतं हं म्हणतो. होस्टेलात निजायला गादी हाय का, हं. भात करपवत्यात का, हं. कुणी दोस्त मिळालं का, हं. एकटं वाटतं का रं, हं. त्यामुळं तुझं तिकडं उत्तम पण चाललंय आणि वाईट पण, असं तिचं आत्ता मत आहे.

आणि ती माझ्याविषयी बोलते. म्हणजे तुझ्याजवळ संपतविषयी. म्हणते संप्या बावळट हाय, तोंडात जीभ न्हाय, पण म्हशी त्याचं ऐकत्यात. म्हणते त्यानं शाळा सोडली तवा मी काय बी बोलले न्हाय, बोलाया पायजे हुतं. म्हणते तुला म्हनून सांगते, त्याला सांगू नगंस, त्याच्याबिगर ह्या घरात मला कोन हाय. हे मला घरात कधीच कुणी म्हणलेलं नाही. मी लाडू खात होतो, तो परत डब्यात ठेवला. (मी शाळा सोडली ती तू गेल्यामुळं असं आळीत बोलतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी बीजगणितामुळं सोडली. अक्षरांची बेरीज मला कधी पटलीच नाही.)

काल शेवटची प्रॅक्टिस झाली. पोरं आता मला सहज अडवतात. म्हणजे तुला. खांदा पडायच्या आधीच श्यामसुंदर उजवीकडं जाऊन उभा असतो. सरांनी माझ्या हातात हात दिला आणि म्हणाले, मच्छिंद्र, तू उत्तम मार खाल्लास, आता रविवारी येऊ नकोस, खरा आल्यावर खोट्याचं काम संपलं, शिवाय दोघांना धरायला माझ्याकडे पोरं नाहीत. मग स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून मला दिला.

तर दादा, रविवारी मी तिथं नसणार, आणि आई सुबाभळीखाली डबा घेऊन असणार. म्हणून एवढंच सांगायला पत्र लिहिलं. तुझी तिची गाठ पडली, तर तू महिनाभर येत होतास असं धरून चाल. गोंधळ नको म्हणून तू काय काय खाल्लंस ते लिहितो: शेंगदाण्याचे लाडू, दशम्या, एकदा खरवस (चांदीचा), आणि एकदा नुसता कांदा आणि भाकरी, कारण त्या दिवशी आबा घरात होते. खरवस तुला फार आवडला असं तू हं म्हणून सांगितलंयस.

बाकी काही नाही. मॅच जिंका किंवा हरा, मला दोन्ही सारखंच, मी दोन्हीकडनं खेळलोय. चुकलं असेल ते पदरात घे.

तुझा आज्ञाधारक,
संपत गेनबा

ता. क. उजवीकडं निसटू नकोस. तिथं श्यामसुंदर आहे. खांदा पाड आणि डावीकडनंच जा. हे सांगणं सरांवर अन्याय आहे, त्यांनी मला बशीतला चहा दिला. म्हणून हे वाचलं असलंस तरी वाचलं नाहीस असं समज. तुझं तू ठरव.

ता. क. २. आबा काल दाढी करून आले ते लवकर आले. मच्छिंद्र न्हाव्याकडं गेले होते. आल्यावर चांदीच्या पाठीवरनं बराच वेळ हात फिरवला. आणि बीजगणिताचं खरं नाही. ते मला चांगलं यायचं.

ता. क. ३. वरची लाडवांची यादी पाठ करू नकोस, लागणार नाही. जे आधी लिहायचं होतं ते राहिलंय. काल प्रॅक्टिसनंतर सुबाभळीखाली मी सगळा जोर करून तुझ्या आवाजात एक अख्खं वाक्य बोललो. म्हणलं, आई, मंगळवारी डोळ्याचं करून घे. ती बराच वेळ डब्याचं फडकं दुमडत बसली. मग म्हणाली, "संप्या, डोळं बरं झालं म्हंजी मला नीट दिसाया लागंल. मग तुला मच्छिंद्रा कशी म्हनू?"

तिला पहिल्या दिवसापासनं माहीत होतं. गालाला हात लावला तेव्हाच. म्हणाली घरात ते नाव तोंडातनं काढायची सोय न्हाय, हितं काढता येतं, आन तू पन हं म्हनत हुतास, मग मी म्हनतच गेले. मला लाडू संपवायला सांगितला आणि म्हणाली हे त्याला कळवू नगंस, त्याचा खेळ बिघडंल.

मी कळवलं. मॅच सुटल्यावर तुमची बस लगेच निघते असं सर म्हणत होते. तू बसमध्ये चढू नकोस. फाटकाजवळची सुबाभूळ, भिंत जिथं गोवऱ्यांनी काळी झालीय तिथं. हाक ती मारेल. तू बोल, काहीही बोल, मॅचचं बोल, भात करपतो ते बोल. नुसतं हं म्हणू नकोस. तिला वाटेल परत मीच आलोय.